पुसायच्या राहिलेल्या कॅसेटी

डांबरगोळ्यांनी कागद वाचतो आणि कॅसेट मरते. हे मला यंदाच्या उन्हाळ्यात कळलं.

ट्रंक आईची होती. आत तिच्या युनियनची कितीतरी वर्षांची पत्रकं. मी अक्षरं शिकले ती या पत्रकांवरच. ‘जाहीर निषेध’ मला ‘बदक’ आणि ‘कमळ’च्या आधी वाचता यायचं. छपाईत बिघडलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवली, त्यांचीच कव्हरं वह्यांना घातली. भूगोलाच्या वहीवर ‘चलो मोर्चा’ वाचून बाईंनी मला एकदा वर्गाबाहेर काढलं, तर मी व्हरांड्यात उभी राहून तीच घोषणा दिली होती. आता मी लिहिते. शहरातल्या बिडी कामगार बायकांवर लिहायचं डोक्यात होतं, म्हणून एका जुन्या संपाचं पत्रक शोधत होते.

पत्रकं निघाली. पिवळी, कडक, पण अक्षर न अक्षर शाबूत. त्यांच्या खाली जुन्या सुती पातळाच्या पट्ट्यांत गुंडाळलेल्या चाळीसेक कॅसेटी निघाल्या. प्रत्येक गुंडाळीत दोन डांबरगोळ्या. गोळ्यांच्या वाफेनं प्लास्टिकच्या डब्या मऊ पडून कॅसेटींना चिकटल्या होत्या. एक ओढली तर डबीबरोबर कॅसेटचा कोपराच हातात आला.

“आई, हे काय करून ठेवलंस?”

“कसर लागू नये म्हणून घातल्या,” ती स्वयंपाकघरातून म्हणाली. आणि मग जरा वेळानं, “कुठल्या ट्रंकेत हात घातलास तू?”

या कॅसेटींबद्दल मी लहानपणापासून ऐकत आले होते. बिडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवर सूप असतं, सुपात पानं आणि तंबाखू, आणि दोन्ही हात गुंतलेले. पत्रक धरायचं कुठल्या हातात? त्यातून बहुतेकींना वाचता येत नव्हतं. घरात तेलुगू, पत्रक मराठी. तेव्हा आईनं आणि तिच्या सोबतिणींनी एक रीत काढली. पत्रक कॅसेटवर बोलायचं, आधी तेलुगूत, मग मराठीत. दर घरासाठी एक कॅसेट आणि टेपरेकॉर्डर बाजाराच्या पिशवीत घालून वसाहतीत घरोघर फिरवायचा. बायका वळता वळता ऐकायच्या. मग कॅसेट उलटी घालून दुसऱ्या बाजूवर आपलं म्हणणं बोलायच्या. चेकरनं कुणाच्या बिड्या मुद्दाम नापास केल्या, कुणाला कुजकी पानं दिली, कोण कुणाला काय म्हणालं. आठवड्यानं पिशवी परत यायची. आई ते ऐकून टिपून घ्यायची आणि त्याच बाजूवर पुढचं पत्रक भरायची, की जुनं पुसलं जायचं. पत्रकाच्या शेवटी ती दर वेळी सांगायची, ‘मोकळेपणानं बोला. ऐकून झालं की पुसणार.’

या चाळीस मात्र पुसल्या नव्हत्या. कॅसेटच्या पाठीवर दोन बारीक प्लास्टिकचे तुकडे असतात. ते मोडले की तिच्यावर पुन्हा भरता येत नाही. प्रत्येक कॅसेटवरचे ते तुकडे मोडलेले होते. म्हणजे विसरून राहिल्या नव्हत्या. आईनं ठरवून ठेवल्या होत्या.

मला तेव्हा यात काही खटकलं नाही. उलट मी आनंदानं तिला मिठी मारली.

भवानी पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारे एक चाचा आहेत. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं जास्त आणि रेडिओ कमी. मी पिशवी काउंटरवर ओतली तशी त्यांनी नाक मुरडलं.

“ये गोलियां कायकू डाले? साड्यां हैं क्या ये?”

“आईनं घातल्या.”

“माँ को बोलो, टेप को साड्यां जैसा नहीं रखते.” पण हात लगेच कामाला लागले. त्यांनी मला एका दुपारीत सगळं शिकवलं. बारीक स्क्रू काढून फीत जुन्या खोक्यातून नव्या खोक्यात कशी घालायची. बुरशी कोरड्या मऊ कापडानं कशी टिपायची, घासायची नाही. फीत सैल पडली तर पेन्सिल घालून कशी गुंडाळायची. कॅसेटी पुस्तकांसारख्या उभ्या ठेवायच्या, पत्र्याच्या छताखाली नाहीत, स्पीकरच्या जवळ तर नाहीतच, कारण स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं. आणि वर्षातून एकदा प्रत्येक कॅसेट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची, नाहीतर एका वेढ्यातला आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. मी वहीत लिहून घेत होते. त्यांनी वहीकडे बघून विचारलं, “सुननेवाला कौन है लेकिन?”

मी म्हणाले, “सगळे ऐकणार, चाचा. मी सगळ्यांना ऐकवणार.”

महिनाभर मी दुसरं काही केलं नाही. चाचांचा एक डेक उसना आणला, वायर लॅपटॉपला जोडली आणि ऐकत बसले. पंखा लावला की आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो, म्हणून पंखा बंद. बेचाळीस डिग्रीत ओला पंचा खांद्यावर घेऊन मी बसायचे. बायका बोलायच्या आणि त्यांच्या बोलण्यामागे सतत कात्री चालायची, पान कापल्याचा करकर आवाज. एकदा ऐकायला बसलं की उठवत नसे, आणि उठले की खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या. मी आठवेल त्याला फोन करून सांगत होते. बार्शीच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या माझ्या मित्राला तर मी सगळ्या फाइल्स पाठवून दिल्या. तो म्हणाला, “अगं, हे सोनं आहे.” मी म्हणाले, “सोनं नाही, दारूगोळा आहे.”

एका कॅसेटवर एक बाई ठसक्यात बोलत होती. कॅसेट संपाच्या काळातली होती. “माजं नाव सांगू नका. पण शेवटून दुसरं घर, निळ्या दाराचं, तिथं दार लावून बिड्या वळत्यात. भाऊ भाजीच्या पिशवीतनं पानं आणून देतो पहाटे. हिकडं आमी उपाशी बसलोय, आन ती वळतीया. जावा, दार उघडायला लावा, इचारा तिला.” मग ती एका रडणाऱ्या लहान पोराला तेलुगूत काही बोलली आणि कॅसेट खटकन बंद झाली.

मला हा तुकडा इतका आवडला की मी तो पाठ केला. आईला विचारलं, “ही कोण गं?” आई म्हणाली, “कोण जाणे. किती जणी होत्या,” आणि उठून वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. कपडे सकाळीच काढून झाले होते. हे मला खूप नंतर आठवलं.

मी पत्रक काढलं. आमच्या घरात दुसरं काय सुचणार? ‘तुमचा आवाज तुम्हाला परत!’ असा मथळा, कॅसेटचं चित्र, वसाहतीच्या समाजमंदिरात रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी यावं. मी स्वतः दारोदार फिरून वाटलं. कार्यक्रमाची सुरुवात मी निळ्या दाराच्या तुकड्यानं करणार होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक मावशी आमच्या दारात उभी होती. साठीच्या पुढची, बोटांची टोकं तंबाखूनं तपकिरी झालेली. तिनं चपला काढल्या, पण आत आली नाही. पत्रक तिच्या हातात चौपदरी घडी घालून होतं. ती माझ्याशी बोललीच नाही, आईशी बोलली.

“ताई, पुसते म्हणली हुतीस की.”

आई म्हणाली, “आत तरी ये.”

“बसायला न्हाय आले. नातीनं वाचून दावलं हे. समद्यांचा आवाज ऐकवणार म्हणं. माजा बी हाय का त्यात?”

आई माझ्याकडे बघायला लागली. मी आवाज ओळखला होता. तीस वर्षांनी जाड झालेला, पण तोच.

“मावशी, तुमचाच तर पहिला लावणार आहे मी!”

ती उंबऱ्यातच खाली बसली. आईनं पाण्याचा तांब्या आणला, तो तिनं बाजूला सरकवला.

“निळ्या दाराचं घर ठावं हाय का तुला कुणाचं?” तिनं मला विचारलं. “माजी लेक दिलीय त्या घरात. ती माजी विहीण हाय. रोज सकाळी सूप घेऊन तिच्या दारात जाऊन बसते मी. आमी दोघी शेजारी बसून वळतो. तिला ठावं न्हाय कुणी सांगितलं ते. कुणालाच ठावं न्हाय. तुज्या आईला सोडून.”

मी आईकडे वळले. आईनं सांगितलं, खाली बघत. कॅसेट तिनं एकटीनंच ऐकली, बोलणारीचं नाव न घेता युनियनच्या बायकांना सांगितलं, आणि त्या जाऊन निळ्या दारासमोर बसल्या. दार उघडायला लावलं, सूप अंगणात आणून उपडं केलं. त्यानंतर कित्येक महिने वसाहतीत तिच्याशी कुणी बोललं नाही. तिचा नवरा गेला तेव्हा खांद्याला माणसं तिच्या माहेरच्या गल्लीतून आणावी लागली.

माझं तोंड गप्प बसेना. “पण मावशी, यात तुम्ही काय चुकलात? उपाशी राहून संप चालवायचा आणि एकीनं दार लावून तो फोडायचा? तुम्ही सांगितलं ते बरोबरच केलं. लाज तिला वाटायला पाहिजे.”

“तू गप्प बस,” आई म्हणाली.

“बोलू दे की तिला,” मावशी म्हणाली. “पत्रकावर वाढलेली पोर हाय. पोरी, तिचा नवरा तवा सिव्हिलमदी हुता. मला ठावं हुतं. डबा मीच न्यायची दवाखान्यात. आदल्या दिशी नळावर आमचं भांडण झालं. तिनं माजी घागर लोटली. संद्याकाळी पिशवी आली माज्या घरी, आन मी बोलले. संपासाठी न्हाय बोलले. घागरीसाठी बोलले.”

मी म्हणाले, तेवढा तुकडा काढून टाकते, बाकीचं ठेवते. ती म्हणाली, “तुज्या मशिनीत किती हायत ते?” तिला लगेच कळलं होतं, मला वेळ लागला. कॅसेट एक. लॅपटॉपवर एक, पेन ड्राइव्हवर एक. आणि बार्शीला एक.

“समदं पुस,” ती म्हणाली. “माज्यासमोर.”

ती गेल्यावर आईचं आणि माझं जुंपलं. मी म्हणाले, तू शब्द दिला होतास. ती म्हणाली, “दिला होता. पहिल्या पाच-सहा पुसल्याही. मग हात उठेना. मालकाचा कागद न् कागद कचेऱ्यांतून जपतात, ह्यांचं कोण जपणार होतं? मी जपलं म्हणून तू आज कॅसेट ऐकून टाळ्या वाजवतेस. पुसलं असतं तर काय ऐकलं असतंस, पंखा?” मी म्हणाले, ह्यांचं होतं तर ह्यांना विचारायचं होतंस. ती म्हणाली, “तू विचारलंस का पत्रक छापायच्या आधी?” आणि मी रागानं घराबाहेर पडले, कारण तिचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी मावशीला घेऊन मी चाचांच्या दुकानात गेले. तिच्यासमोर पेन ड्राइव्ह रिकामा केला, लॅपटॉपवरची फाइल काढून टाकली. तिनं त्याकडे नीट पाहिलंही नाही. तिची नजर कॅसेटवर होती. चाचांनी मोडलेल्या तुकड्याच्या जागी चिकटपट्टी लावली, कॅसेट डेकमध्ये घातली आणि नुसतंच रेकॉर्डिंगचं बटण दाबलं, माइक न लावता. तीस मिनिटं. मग फीत मागे नेऊन वाजवली.

“हो गया, खाला,” चाचा म्हणाले.

“पुरं ऐकते,” ती म्हणाली.

आणि ती खरंच बसली. बाकावर मांडी घालून, कान डेकच्या जवळ नेऊन, ती तीस मिनिटं खरखर ऐकत राहिली. गिऱ्हाइकं आली, मोबाइलची कव्हरं बघून गेली. मला एका जागी उभं राहवेना. मी दुकानाच्या पायरीवरून रस्त्यावर आणि रस्त्यावरून पायरीवर करत होते. मध्येच तिनं हात वर केला. “हाय की अजून!” चाचांनी आवाज मोठा केला. खरखरीच्या खाली, फार लांबून, कात्रीचा करकर आवाज येत होता. चाचा ओशाळले. पुसायचं हेड मळलं होतं. त्यांनी कापसाला स्पिरिट लावून ते साफ केलं, पुन्हा तीस मिनिटं, आणि ती पुन्हा तीस मिनिटं ऐकत बसली. या खेपेला काही नव्हतं.

“आता बार्शी,” ती म्हणाली.

मी मित्राला फोन लावला, स्पीकर चालू केला. त्यानं आधी वाद घातला. म्हणाला, हा पुरावा आहे, पुसणारे आपण कोण? ही सगळी वाक्यं महिन्याभरापूर्वी माझी होती. शेवटी तो म्हणाला, “बरं. पुसलं, झालं?”

मी तिला सांगितलं, पुसलं म्हणतोय.

“तुजी आई बी पुसते म्हणली हुती.”

म्हणून आम्ही एस.टी.नं बार्शीला गेलो, दुसऱ्या दिवशी सकाळी. तिचा दिवस बुडाला. प्रवासात ती माझ्याशी चार शब्दही बोलली नाही. मी मात्र बोलत होते: आपण सगळ्यांना विचारायला पाहिजे होतं, आता विचारीन, आई चुकली पण तिचा हेतू, मला तर तुमचं बोलणं पाठच झालं होतं, वगैरे. ती खिडकीबाहेर बघत होती.

मित्रानं कॉलेजमधल्या त्याच्या खोलीत कॉम्प्युटर उघडला. फाइल होती. फोनवर त्यानं खोटं सांगितलं होतं. त्याची मान खाली गेली आणि मला त्याला बोलायला तोंड नव्हतं. त्यानं आमच्यासमोर फाइल काढून टाकली, कॉम्प्युटरमधल्या कचरापेटीतूनही काढून टाकली.

“आता वाजीव,” मावशी म्हणाली.

“काय वाजवू?”

“जे पुसलंस ते. दुकानात वाजवून दावलं की.”

“मावशी, ते आता नाहीच. नाही ते कसं वाजवणार?”

“मग मला कसं कळावं?”

त्यानं तिला कॉम्प्युटरवरची रिकामी खिडकी दाखवली. पांढरा पडदा. ती बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिली. टेप पुसली तर पुसल्याचा आवाज असतो. इथं तेवढंही नव्हतं. तो समजावत राहिला, मी समजावत राहिले. आम्ही दोघं शिकलेली माणसं, आणि एका बाईला एवढी साधी खात्री देऊ शकत नव्हतो.

परतीच्या गाडीत ती म्हणाली, “मीच सांगते तिला. कुणाच्या मशिनीतनं कळण्यापरीस माज्या तोंडनं कळू दे.”

मी म्हणाले, आता तर काहीच शिल्लक नाही, कशाला सांगता? ती म्हणाली, “गप्प बस,” अगदी आईसारखी.

रविवारचा कार्यक्रम मी रद्द केला. उरलेल्या कॅसेटींची यादी केली. आवाज ओळखून आईनं प्रत्येकीसमोर घर लिहून दिलं. ती माझ्यावर अजून चिडलेली होती, पण यादी तिनंच केली. आठ-दहा घरं झाली. एक बाई वारली होती, तिच्या सुनेनं कॅसेट मागून घेतली. एकीनं पुसायला सांगितलं. दोघी म्हणाल्या, ऐकव की समद्यांना, आम्ही काय भितो का कुणाला?

मावशी तिच्या अंगणात एकटी वळताना दिसायची. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

निळं दार आता निळं नाही, हिरवं आहे. यादीत ते घर नव्हतं, तिचा आवाज एकाही कॅसेटवर नव्हता. पण मी समोरून जाताना आतून हाक आली.

“ए पोरी. तूच ना ती टेपवाली? हिकडं ये.”

ती दारात सूप घेऊन बसली होती. बारीक अंगाची, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. शेजारची जागा रिकामी होती. मी उभीच राहिले.

“तिनं सांगितलं मला,” ती म्हणाली. “पुसलीस व्हय ती कॅसेट?”

“हो. त्यांचा आवाज होता. त्यांनी पुसायला सांगितलं.”

“आन दार कुणाचं हुतं?”

मी त्या हिरव्या दाराकडे बघितलं.

“सूप माजं उपडं केलं. नवऱ्याला खांदा दिला न्हाय कुणी. तीस वरसं मी ह्या गल्लीतल्या एकेकीच्या तोंडाकडं बघून इचार केला, ही असंल का, ती असंल का. आन तू तिला इचारलंस, मला न्हाय इचारलंस. मला ऐकायची हुती.”

“त्यांनी सांगितलं ना तुम्हाला सगळं.”

“आता सांगितलं. आता ती म्हातारी हाय, रडत सांगितलं. तवा कशी बोलली ते मला ऐकायचं हुतं.” तिची कात्री थांबली होती. “तू ऐकलीस की. पाठ केलीस म्हणं. सांग, कशी बोलली?”

मला शब्द न शब्द पाठ होता. ठसकाही. मी तो ठसका आरशासमोर करून पाहिला होता, समाजमंदिरात तुकड्याआधी दोन वाक्यं बोलायची होती म्हणून.

“रागात होत्या,” मी म्हणाले.

“किती?”

मी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. तिनं शेजारच्या रिकाम्या जागेवरचा तंबाखूचा भुगा हातानं झाडला आणि म्हणाली, “बस खाली. आठवून आठवून सांग. मला घाई न्हाय.”